घळीतून उतरणारी हवा

खडकवस्तीवर दवाच्या चादरी आल्या, त्याच हिवाळ्यात नवनाथ धोत्रेनं खडीच्या क्रशरवर जाणं सोडलं. सकाळी उठून त्यानं नेहमीसारखं तोंडाला बांधायचं फडकं शोधलं, सापडल्यावर बराच वेळ नुसतंच हातात धरलं आणि मग बायकोला म्हणाला, "आज जात न्हाई मी."

चुलीवरचा चहा मैनानं दोन कपांत ओतला आणि त्याच्याशेजारी येऊन बसली. नवनाथच्या छातीतून गेली काही वर्षं भाता ओढल्यासारखा आवाज यायचा. दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बसलेली धूळ निघत नाही; नवी आत जाऊ न देणं एवढंच माणसाच्या हातात असतं. पण क्रशर सोडला तर खायचं काय, हे काही डॉक्टरांना सांगता आलं नव्हतं.

खडकवस्ती म्हणजे बालाघाटच्या डोंगरकडेला वसलेली वडारांची तीसचाळीस घरं. कधीकाळी तलावाच्या भिंतीसाठी दगड फोडायला आलेली माणसं काम संपल्यावर तिथंच राहिली. सरकारनं पुढं घरटी एकेक तुकडा नावावर करून दिला, पण तो सगळा कातळ. पाऊस पडला की पाणी तासाभरात डोंगर उतरून जायचं. खाली पायथ्याशी हिंगणगाव होतं. तिथं काळी जमीन, ज्वारी, हरभरा, आणि विहिरी. वस्तीवरच्या बायका उन्हाळाभर हंडे घेऊन खाली उतरायच्या, आणि बहुतेक विहिरींवर त्यांना काहीतरी ऐकून घ्यावं लागायचं. प्रयागबाई ठोंबरे ही एकच बाई अशी होती, जिनं आपल्या विहिरीवर त्यांना कधी अडवलं नाही. मैना नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिथूनच पाणी न्यायची आणि तिला मावशी म्हणायची.

चादरी आणल्या त्या डॉ. गौतमी रणपिसे यांनी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या पाण्याच्या वाफेवर काम करायच्या. वस्तीवर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मैनाच्याच अंगणात सगळ्यांना बसवून समजावलं होतं.

"थंडीत सकाळी घराच्या पत्र्यावर पाणी दिसतं, ते कुठून येतं?" त्यांनी विचारलं.

"दव पडतं," कोणीतरी म्हणालं.

"पडत नाही, जमतं. पत्रा रात्रभर आपली ऊब वर आकाशाला देत असतो. देता देता तो भोवतीच्या हवेपेक्षा थंड होतो. मग हवेतली वाफ त्याच्यावर येऊन पाणी होते. ही चादर तेच करते, फक्त पत्र्यापेक्षा पुष्कळ जास्त. हवा ज्या किरणांना अडवत नाही, नेमक्या त्याच किरणांतून ती आपली उष्णता बाहेर टाकते. वीज नाही, यंत्र नाही. रात्री हात लावून बघा, बर्फासारखी लागेल."

चादरीच्या आत आणखी एक थर होता. त्यात एक करडी भुकटी भरलेली असे. तिच्या कणांच्या आत इतक्या बारीक पोकळ्या होत्या की चिमूटभर भुकटीच्या पोकळ्या उलगडून अंथरल्या तर शाळेचं मैदान झाकलं जाईल. हवा कोरडी असली, दव जमण्याइतका ओलावा नसला, तरी त्या पोकळ्या रात्रभर वाफ धरून ठेवायच्या आणि सकाळचं ऊन लागलं की सोडायच्या. खालच्या पन्हळीतून ते पाणी टाकीत उतरायचं. चादरीला माती नको होती. उघडा कातळ आणि वर मोकळं आकाश, एवढंच हवं होतं. आणि खडकवस्तीकडे या दोनच गोष्टी भरपूर होत्या.

पहिले दोन हिवाळे वस्तीनं असे काही पाहिले की जुनी माणसं त्यावर बोलायला कचरायची. घरटी टाक्या भरू लागल्या. मैनानं दाराशी शेडनेट उभारून मिरची-टोमॅटोची रोपं करायला घेतली. ट्रेमध्ये नारळाच्या भुशाचं कोकोपीट, त्यात बी, आणि दवाचं गोड पाणी. विहिरीच्या क्षारानं रोपांची टोकं जळायची, तशी या पाण्यानं जळत नसत. आसपासच्या गावांतले बागाईतदार रोपं न्यायला स्वतः डोंगर चढून येऊ लागले. नवनाथ ट्रे उचलायचा, रोपांवर झारी धरायचा, दमला की बसायचा. त्याच्या छातीतला भाता बंद झाला नाही, पण हळू झाला. वस्तीतली आणखीही माणसं क्रशरवरून परत आली. कुणी म्हैस घेतली, कुणी मुलीला तालुक्याला शिकायला ठेवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात, पौष सरत आला असताना, मैना मिरचीची रोपं द्यायला प्रयागमावशीकडे गेली. मावशी शेतात होत्या. त्यांची दोन एकर काळी जमीन डोंगरातली घळ जिथं मोकळी होते, नेमकी तिथं होती. हरभरा फुलावर यायचे ते दिवस. मैना बांधावर उभी राहिली आणि तिला काहीतरी वेगळं वाटलं. सकाळची वेळ होती, तरी तिच्या साडीचा काठ कोरडाच होता. एरवी या शेतातून चार पावलं चाललं तरी पोटऱ्या भिजायच्या.

प्रयागबाई हरभऱ्यावर अंथरलेलं धडपं उचलत होत्या. हरभऱ्याच्या पानांवर काहीतरी आंबट असतं. रात्रीच्या दवात ते उतरतं आणि वर टाकलेल्या कापडात मुरतं. पहाटे ते पिळून घेतलं की आंब मिळते. पोटाच्या दुखण्यावर आंब न्यायला लांबलांबची माणसं मावशीकडे यायची. मावशीनं धडपं पिळलं. हातात काही आलं नाही. पुन्हा पिळलं, आणि झटकून बांधावर टाकलं.

"मागल्या साली थोडी तरी निघाली होती," त्या म्हणाल्या. "औंदा ते बी न्हाई. फूल लागतंय अन् वाळून गळतंय. परवा तर गारठ्यानं शेंडे काळे पडले. असा गारठा मी या रानात बघितला न्हवता."

"पाणी देता न्हाई का येणार?"

"विहिरीत हाय किती? पिण्यापुरतं. हा हरभरा कवा पाण्यावर आला, मैना? जमिनीतली ओल अन् वरून रातचं दहिवर, यावरच येतो. दहिवर बंद झालं तर काय करायचं? ते कुणाच्या हातात हाय?"

मैनानं रोपांचा ट्रे बांधावर ठेवला. ती तशीच डोंगर चढून परत आली. दुपारी तिनं गौतमीताईंना फोन लावला आणि फक्त एवढंच विचारलं, "ताई, आमच्या चादरी जे पाणी घेतात, ते घेतलं नसतं तर कुठं गेलं असतं?"

गौतमीताई म्हणाल्या, "मी येते."

त्या आल्या त्या एका सहकाऱ्याला आणि काठ्यांवर बसवलेल्या, हवेतली ओल मोजणाऱ्या पेट्या घेऊन. डोंगरमाथा, घळ, घळीचं तोंड आणि खालची शेतं अशा ठिकाणी त्यांनी पेट्या लावल्या. काही रात्री त्या मैनाकडेच राहिल्या. काम संपल्यावर त्यांनी मैना आणि नवनाथला घळीच्या काठावर नेलं.

"रात्री हवा थंड झाली की जड होते," त्या म्हणाल्या. "जड झाली की पाण्यासारखीच उताराला लागते. तुमच्या डोंगरावरची थंड हवा या घळीत गोळा होते आणि इथून खाली उतरून पंख्यासारखी पसरते. मावशींचं शेत आणि शेजारची आणखी दहाबारा शेतं त्या पंख्यात येतात. तिथलं दव या हवेतल्या वाफेचं होतं. आता ती हवा चादरींवरून जाते आणि कोरडी होऊन खाली पोचते."

"अन् गारठा?" मैनानं विचारलं.

"वाफेचं दव होताना थोडी ऊब बाहेर पडते. ती रोपाला रात्रभर सांभाळते. दव नाही तर ती ऊबही नाही. म्हणून शेंडे करपले." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मी एका घराच्या चादरींचा हिशेब केला होता. एवढ्याशानं हवेला काय फरक पडणार, असं वाटलं होतं. अख्ख्या वस्तीचा एकत्र विचार मी केला नाही. ती माझी चूक आहे."

नवनाथ इतका वेळ खाली बघत होता. त्यानं विचारलं, "सगळ्या चादरी काढायच्या का मग?"

"नाही. बाकीच्या घरांची हवा दुसऱ्या बाजूंनी उतरते, तिकडे शेतं नाहीत. फक्त घळीच्या माथ्यावरची सातआठ घरं. हरभरा फुलावर आल्यापासून घाटे भरेपर्यंत त्यांनी संध्याकाळी चादरी गुंडाळून ठेवल्या तर बराच फरक पडेल."

त्या सातआठ घरांत मैनाचं घर सगळ्यात पुढं होतं, अगदी घळीच्या काठाशी. आणि ज्या दोन महिन्यांत हरभऱ्याला दव लागायचं, नेमक्या त्याच दोन महिन्यांत उन्हाळी मिरचीची रोपं करायची असत. वर्षाची खरी कमाई तेव्हाची.

घरी आल्यावर नवनाथ म्हणाला, "आपण काय चोरी केली न्हाई."

"मी तसं म्हणाले का?"

"म्हणाली न्हाईस, पण तुझं तोंड तसं झालंय. आपल्या कातळावर आपण चादर टाकली. हिंगणगावच्या विहिरींवर माझी आई उन्हात बसून राहायची, कुणी पोहरा सोडून देतंय का बघत. तवा कुणी मोजमाप करायला आलं न्हाई."

"मावशीनं दिलं होतं."

"एकीनं दिलं होतं," नवनाथ म्हणाला. "गुंडाळ तुला गुंडाळायच्या असतील तर. मग रोपं कशावर जगवायची, ते बी सांग."

दुसऱ्या दिवशी मैना खाली उतरली आणि प्रयागबाईंना सगळं सांगितलं. चादरींचं, हवेचं, घळीचं. मावशी ओट्यावर बसून सुपात तूर पाखडत होत्या. हात थांबला नाही.

"म्हणजे माझं दहिवर तुमच्या टाकीत हाय," सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या.

"मावशी, आम्हाला ठाव नव्हतं."

"आता ठाव झालं ना? मग इथं कामून आलीस? चादरी काढायच्या तर काढ, न्हाईतर गप बस. सांगून तू मोकळी झालीस, मैना. माझं रान काय त्यानं भिजलं न्हाई."

मैना उठली. दारापर्यंत गेल्यावर मावशींनी हाक मारली. "नवनाथची छाती कशी हाय?"

"बरी हाय आता."

"हां," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवू लागल्या.

त्या संध्याकाळी मैनानं आपल्या चादरी एकेक करून गुंडाळल्या आणि शेडमागं रचून ठेवल्या. नवनाथ दारातून बघत होता. त्यानं अडवलं नाही, हातही लावला नाही. आठवडा सरायच्या आत टाकीतलं पाणी तळाला गेलं. मैनानं अर्धे ट्रे वाळू दिले आणि अर्धे जगवले. सांगूनही घळीच्या माथ्यावरच्या बाकीच्या घरांनी चादरी तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे खाली मावशीच्या हरभऱ्यावर पहाटे नुसता हात ओला होण्यापुरतं दव दिसू लागलं, पिकाला पुरेल एवढं नाही. एकट्या मैनाच्या चादरींनी भागणार नाही, हे गौतमीताईंनी आधीच सांगितलं होतं.

मग एका सकाळी नवनाथनं ते फडकं पुन्हा काढलं.

"जाऊ नका," मैना म्हणाली.

"मग काय करू?"

"मी जाते."

"तुला तिथं काय काम देतील, चाळणीवर? ती तर त्याहून वाईट जागा." त्यानं फडकं गळ्यात अडकवलं. "रोपांचा हंगाम गेला की सोडतो. थोड्या दिवसांचा प्रश्न हाय."

तो गेला. मैना दिवसभर रोपांत बसून राहिली. हाताला लागेल ते काम करत होती, पण डोंगरापलीकडून क्रशरचा आवाज यायचा तसा तिचा हात थांबायचा. आपण चादरी पुन्हा अंथराव्यात, असं तिला रोज वाटायचं. एका संध्याकाळी तिनं एक चादर उलगडलीही. कातळावर पसरून तिच्याकडे बघत उभी राहिली आणि मग पुन्हा गुंडाळली. यात चांगुलपणा किती आणि हट्ट किती, हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

पंधरवडाभरानं नवनाथ दुपारीच परत आला. छाती भरली होती, ओठ पांढरे पडले होते. मैनानं त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "यल्लप्पामामाला सांग, आज सगळ्यांना बसवा. मला बोलायचंय."

"आधी दवाखान्यात जाऊ."

"बोलून झालं की जाऊ."

यल्लप्पा वस्तीतला सगळ्यात वडीलधारा माणूस. यल्लम्मा देवीच्या ओट्यावर घळीच्या माथ्यावरची सगळी घरं जमली, बाकीचीही आली. मैनानं चादरी गुंडाळल्यापासून तिच्याशी वस्तीत कोणी धड बोलत नव्हतं. आताही बायका तिच्यापासून थोड्या लांबच बसल्या.

यल्लप्पानं आधीच सांगून टाकलं, "चादरीचा विषय असंल तर माझं म्हणणं मी सांगितलंय. आपण नळाची लाइन मागितली, तवा हिंगणगावच्या ग्रामसभेत हात वर झाला का एक तरी? आता हवेवर बी त्यांचाच हक्क? मी न्हाई गुंडाळणार."

"मामा, मी भांडायला आलो न्हाई," नवनाथ म्हणाला. बोलताना तो मधेच थांबून श्वास घेत होता, आणि माणसं त्याच्यासाठी थांबत होती. "क्रशरवर माझी जागा कुठली, तुम्हाला माहीत हाय. जबड्याच्या तोंडाशी, जिथं दगड आत जातो. मी गेलो तर तिथं दुसराच उभा. प्रयागमावशीचा पोरगा, बालाजी. हिंगणगावची आणखी चार पोरं होती. ज्यांचे हरभरे गेले, त्या घरांतली."

नवनाथनं पुन्हा श्वास ओढून घेतला.

"तोंडाला फडकं बी नव्हतं त्याच्या. मी माझं दिलं. बांधलं त्यानं अन् थोड्या वेळानं सोडलं. म्हणला, काका, यातून श्वास घेता येत न्हाई. मी बी पहिल्या साली हेच म्हणलो होतो." त्यानं छातीवर हात ठेवला. "गावानं आपल्याला काय दिलं अन् काय न्हाई, ते मला कळतं. पण मामा, आपण त्या जागेवरून उतरलो अन् तिथं दुसरी पोरं चढवली. जागा रिकामी झालीच न्हाई. माणसं बदलली नुसती."

यल्लप्पाच्या दोन मुलांपैकी थोरला त्याच क्रशरच्या धुळीनं गेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. म्हातारा बराच वेळ ओट्याची फरशी बोटानं चाचपत राहिला. शेवटी त्यानं जे विचारलं त्याची कोणालाच अपेक्षा नव्हती.

"मागल्या उताराला जागा हाय. जुन्या खाणीच्या अंगाला. तिकडची हवा कुठं जाते?"

"खाणीत," मैना म्हणाली. "ताईंनी मोजलंय. तिकडं कुणाचं काय न्हाई."

"मग तिकडं टाका चादरी."

"मामा, तिथं कातळ उभा-आडवा हाय. चादर बसायला सपाट लागतं."

"सपाट करायला आपण काय भटजी हाव?" यल्लप्पा म्हणाला. "दगड फोडायचंच काम केलं ना जन्मभर? सातआठ घरांपुरतं सपाट करायला सगळ्यांनी हात लावला तर मोप होईल. पण एक सांगतो. एक टोला बी कोरडा मारायचा न्हाई. दगड आधी भिजवायचा, मगच सुतकीचा घाव घालायचा. ज्यांच्या टाकीत पाणी हाय त्यांनी ते आणायचं."

दुसऱ्या दिवशी घळीच्या माथ्यावरच्या घरांच्या चादरी गुंडाळल्या गेल्या. यल्लप्पानं आपल्या सगळ्यात शेवटी गुंडाळल्या. मागच्या उतारावर काम सुरू झालं. ज्या पाण्यासाठी वस्तीनं पिढ्या घालवल्या, ते पाणी माणसं दगडावर ओतत होती आणि ओल्या दगडावर घण घालत होती. काम सावकाश चाललं, पण धूळ उडाली नाही. दोनतीन दिवसांनी हिंगणगावचा बालाजी ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडून वर आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो टँकर लावून गुपचूप बाजूला उभा राहिला. यल्लप्पानं त्याच्याकडे बघितलं आणि एक पहार त्याच्या हातात दिली.

सगळं गाव काही बालाजीसारखं नव्हतं. चोरलेलं परत केलं तर त्यात विशेष काय, असं म्हणणारेही होते. प्रयागबाईंच्या उरलेल्या फुलांपैकी काहींना घाटे धरले. पीक आलं ते बियाण्यापुरतं, पण आलं.

मागच्या उतारावर सकाळचं ऊन उशिरा पोचायचं, त्यामुळे तिथल्या चादरी आधीपेक्षा कमी पाणी द्यायच्या. मैनाच्या शेडमध्ये पूर्वीच्या अर्ध्याहून थोडी जास्त रोपं उभी राहिली. त्यात घर चाललं. नवनाथ मात्र त्या पंधरवड्यानंतर पूर्ववत झालाच नाही. डॉक्टरांनी मैनाला समजावलं की दुखणं जुन्या धुळीचं आहे, एवढ्याशा दिवसांनी फार फरक पडला असेल असं नाही. ते खरंही असेल. मैनानं त्यांना पुन्हा विचारलं नाही. पण चादरी गुंडाळल्या नसत्या तर तो गेला नसता, हे तिच्या मनातून कधी हललं नाही, आणि गुंडाळल्या नसत्या तर काय झालं असतं हेही तिला ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच ती जगू लागली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी नवनाथ गेला. माती द्यायला वस्ती होती, हिंगणगावची पाचसहा माणसं होती. प्रयागबाई तेव्हा पहिल्यांदा डोंगर चढून वस्तीवर आल्या. मैनाजवळ भिंतीला टेकून बसल्या. दिवसभर तिथून हलल्या नाहीत. उठताना त्यांनी मैनाच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोच धरून उठल्या आणि बालाजीच्या आधारानं उतरून गेल्या.

दोन वर्षांनी सरकारनं दवाच्या चादरी डोंगराळ भागातल्या पुष्कळ वस्त्यांना द्यायचं ठरवलं. गौतमीताई मैनाला भेटायला आल्या.

"तुम्ही माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "चादर कशी अंथरायची ते शिकवायला माझ्याकडे माणसं आहेत. त्यासाठी नाही म्हणत मी."

शेजारच्या तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर त्या दोघी गेल्या. तांडा उंच माळावर होता. भोवती कुसळी गवत आणि खडक. बायका जमल्या होत्या, गाडीतून गुंडाळ्या उतरवल्या जात होत्या. कविता राठोड नावाची तिशीतली एक बाई सगळ्यांच्या वतीनं बोलत होती. ऊसतोडीला यंदा जावं लागू नये, मुलांची शाळा सुटू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिचा हात एका गुंडाळीवरून सारखा फिरत होता.

मैनानं तिला माळाच्या कडेला नेलं. दोघी थोडा वेळ उतार बघत उभ्या राहिल्या.

"रात्री इथली थंड हवा कुठून खाली जाते?" मैनानं विचारलं.

"हवा?" कवितानं विचार केला. "त्या ओढ्याच्या बाजूनं जात असंल. थंडीत तिथं सगळ्यात जास्त गारठा असतो."

"खाली कोण राहतं?"

"धनगरांची आठदहा घरं. करडई पेरतात. आमचं त्यांचं बोलणं न्हाई फारसं. गुरांवरून भांडण झालं होतं मागं."

"तुझ्याबरोबर चार बायका घे, आधी खाली जाऊन येऊ," मैना म्हणाली. "चादरी उद्या अंथरू."

कवितानं विचारलं, "त्यांनी नको म्हटलं तर?"

"तर कुठं टाकायच्या ते त्यांच्यासमोर बसून बघू. त्यांचं रान बघितल्याशिवाय ते कळायचं न्हाई."

"अन् तुमच्या वस्तीनं आधी विचारलं होतं का?"

"न्हाई," मैना म्हणाली.

कवितानं तांड्याकडे वळून चौघींना हाक मारली. ऊन अजून वर चढायचं होतं. गौतमीताई गाडीपाशी थांबल्या. बायका ओढ्याच्या कडेनं, दगडांवरून पाय सांभाळत, एकामागून एक खालच्या घरांकडे उतरू लागल्या. मैना सगळ्यांच्या पुढं होती.